वेंडलचा मूस आणि दोन दस्ते

पंधरा सप्टेंबरच्या पहाटे वेंडल स्ट्राउडने वडिलांची रायफल स्वतःच्याच ट्रकखाली घातली.

मुद्दाम नाही हो. रायफल मागच्या चाकाला टेकवून ठेवली, हात मोकळे केले, थर्मास आत ठेवला, दोर ठेवला, कुऱ्हाड ठेवली. तेवढ्यात बायको नेड्रा दारातून ओरडली, "वेंडल, सँडविच राहिलं!" त्याने सँडविच घेतलं, आनंदाच्या भरात तिच्या गालाचा मुका घेतला, उडी मारून ट्रकमध्ये बसला आणि रिव्हर्स टाकला. आमच्या मोंटानात दर हंगामाला एखादा तरी महाभाग हा पराक्रम करतोच, आणि वर्षभर कॅफेत त्याची टिंगल होते. पण वेंडलने जो दिवस निवडला, त्याला तोड नाही. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता मुठीपाशी कडाडकन मोडला आणि नळी अशी वाकली, की त्या बंदुकीने आता कोपऱ्यामागचं जनावर मारता आलं असतं.

कारण तो दिवस कुठला होता? मूसच्या, म्हणजे सांबराच्या त्या अवाढव्य भावंडाच्या, शिकारीचा पहिला दिवस. आणि मूसचा परवाना म्हणजे काही हरणाचा परवाना नव्हे, की गेलं दुकानात आणि आणला. त्याची सोडत निघते. हजारो अर्ज, परवाने चार-दोन. वेंडलने एकोणतीस वर्षं अर्ज केला होता. शाळेची बस चालवून तो निवृत्त झाला, डोक्यावरचे केस गेले, पण नंबर काही लागला नाही. आणि यंदा लागला! पत्र आलं त्या दिवशी हा साठीचा माणूस टपालपेटीपासून घरापर्यंत नाचत आला होता. एक मूस, एक हंगाम, शेवटची तारीख नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा रविवार. त्यानंतर पुन्हा नंबर लागेपर्यंत वेंडल नव्वदीत पोचला असता.

"हरकत नाही," वेंडल म्हणाला. आवाज रडवेला होता, पण म्हणाला. "अडीच महिने आहेत. आजच नवी रायफल घेतो."

तुम्ही म्हणाल, उसनी घ्यायची. आमच्या कॉटर क्रीक गावात घरटी चार रायफली आहेत. पण एकोणतीस वर्षांनी लग्न ठरलेला नवरदेव उसना कोट घालून जाईल का?

नऊच्या ठोक्याला तो ऑरिन पेलच्या बंदुकांच्या दुकानात हजर. ऑरिनने काउंटरवर दोन रायफली ठेवल्या. दोन्ही वडिलांच्या रायफलीसारख्याच, खालची लिव्हर पुढे ढकलून मागे ओढली की नवी गोळी भरणाऱ्या.

"एकच कंपनी, एकच गोळी, नळीची लांबी एकच," ऑरिन म्हणाला. "फरक फक्त मागे. ही सरळ दस्त्याची. आणि ही पिस्तुलासारख्या मुठीची, दस्ता इथे खाली वळतो. बोल, कुठली बांधू?"

इतका साधा प्रश्न! वेंडलने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं, की याचा विचार आपण जन्मात केलेला नाही. वडिलांची होती तशी होती.

"सरळ," मागून आवाज आला. तो लायल एमन्स होता. लायलकडे सहा खेचरं आहेत, आणि तो खेचरांवर जेवढं प्रेम करतो तेवढं माणसांवर करत नाही. "त्यात विचारायचं काय? सरळ दस्ता खोगिराच्या म्यानात सुर्रकन जातो, सुर्रकन येतो. एका हातात धरून दिवसभर चाल. लिव्हर मारताना हात कुठे अडकत नाही."

"वेंडल काय खेचरावर बसून गोळी मारणार आहे?" हा दुसरा आवाज क्लेबर्नचा, म्हणजे नेड्राच्या सख्ख्या भावाचा. क्लेबर्नचं मांस कापण्याचं दुकान आहे, मागे थंड खोली आहे, आणि मनगटं अशी की बघत राहावं. "दाजी, हात पुढे करा. नुसता करा. बघा, मनगट आपोआप कसं वळलं? देवाने माणसाचा हात वाकडा केलाय. मूठही तशीच हवी. रायफल खांद्यात घट्ट बसते, धक्का बसला तरी हलत नाही."

"देवाने तुझं डोकंही वाकडंच केलंय."

"आणि तुझ्या खेचराचं तुझ्यापेक्षा बरं केलंय."

ऑरिन धूर्त माणूस. भांडण रंगलं की दुकानात गर्दी होते हे त्याला पक्कं ठाऊक. तो म्हणाला, "वेंडल, दोन्ही घरी ने. खांद्याला लावून बघ. नको असेल ती परत आण. सोपं आहे."

सोपं! या एका शब्दाने पुढच्या दहा आठवड्यांची वाट लागली.

आता दस्ता बसतो की नाही हे बघायची आमच्याकडे एक रीत आहे. रिकामी रायफल हातात धरायची, डोळे मिटायचे, झटकन खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे. नेम सरळ दिसला तर दस्ता तुमचा. वेंडलने घरी येऊन पहिल्यांदा सरळ दस्ता लावला. नेम सरळ. मग वाकडा लावला. नेम सरळ. पुन्हा सरळ, पुन्हा वाकडा. चौदाव्या वेळेला डोळे मिटून वळताना नळीने नेड्राचा हकलबेरीचा केक ओट्यावरून उडवला आणि तो कुत्र्याच्या पुढ्यात जाऊन पडला.

"बाहेर!" नेड्रा म्हणाली. "तू, त्या दोन्ही बंदुका आणि कुत्रासुद्धा!"

म्हणून तो व्हरांड्यात गेला. आता कल्पना करा, हमरस्त्यालगतचं घर, व्हरांड्यात एक टकला माणूस, डोळे गच्च मिटलेले, आणि दर अर्ध्या मिनिटाला तो बंदूक उचलून स्वतःच्याच घराच्या भिंतीवर रोखतोय. आमच्या गावातला माणूस हात हलवून पुढे गेला असता. पण त्या दिवशी कॅलिफोर्नियाच्या नंबरपाटीची एक गाडी गेली. वीस मिनिटांत शेरीफची डेप्युटी, रोंडा गॅरिटी, दिवे लावून दारात.

"वेंडल, बंदूक खाली ठेव. काय चाललंय?"

"दस्ता बघतोय, रोंडा."

रोंडाने दोन्ही रायफली उघडून रिकाम्या असल्याची खात्री केली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, टोपी काढली, डोळे मिटले, एक लावून बघितली, दुसरी लावून बघितली.

"वाकडा," ती म्हणाली. "यात कसला प्रश्न आला? आणि हो, रस्त्याकडे पाठ करून बघत जा." जाताना तिने गाडीतल्या वायरलेसवर सगळं ठीक असल्याचं कळवलं, तर तिकडून ठाण्यातला माणूस विचारतो, "कुठला घेतोय?"

एवढ्याने सगळ्या तालुक्याला कळलं. दुसऱ्या दिवशी कॅफेत वेंडल शिरला तेव्हा टेबलं दोन बाजूंना सरकवलेली होती. खिडकीकडे सरळवाले, त्यांच्या मधोमध लायल. काउंटरकडे वाकडेवाले, त्यांच्या मधोमध क्लेबर्न. वेंडल दारात उभा राहिला. कुठेही बसलं तरी निकाल लागणार होता. शेवटी बिचाऱ्याने उभ्यानेच कॉफी प्यायली.

सप्टेंबर असा गेला. ऑक्टोबरात कुणीतरी कॅफेत मतदान घ्यायची टूम काढली. एकतीस सरळ, एकतीस वाकडे. दंतवैद्याचं मत राहिलं होतं. तो येऊन म्हणाला, मी धनुष्यबाण वापरतो. त्याला दोन्ही बाजूंनी शिव्या घातल्या, आणि त्या एका मुद्द्यावर गावात एकी झाली.

इथपर्यंत गंमत होती. खरी पंचाईत ऑक्टोबरच्या शेवटी झाली. लायल रविवारी वेंडलच्या कुंपणाशी आला आणि टोपी मागे सारत म्हणाला, "हे बघ वेंडल, मी तत्त्वाचा माणूस आहे. तू त्या वाकड्या भुताने मूस मारलास, तर मांस खाली आणायला माझी खेचरं येणार नाहीत."

संध्याकाळी क्लेबर्न आला. "दाजी, तुम्ही घरचे, म्हणून आधी सांगतोय. सरळ दस्त्याचा मूस माझ्या दुकानात टांगला जाणार नाही. मला गावात तोंड दाखवायचंय."

मूस मारणं वेगळं, आणि मूस घरी आणणं वेगळं. घोड्याहून उंच जनावर, अर्धा टन वजन, आणि ते राहतं डोंगरापलीकडच्या दलदलीत. खेचरांशिवाय त्याचा एक पायसुद्धा खाली येत नाही. आणि खाली आणलं तरी कापून, थंडीत टांगून ठेवायला क्लेबर्नचीच खोली. दुसरी नव्वद मैलांवर. मांस रानात कुजू देणं म्हणजे आमच्याकडे गुन्हा, आणि गुन्ह्याहून मोठी बदनामी. म्हणजे सरळ घेतला तर मांस खाली येणार पण टिकणार नाही, आणि वाकडा घेतला तर टिकेल पण खाली येणार नाही!

"मग जाऊच नको," नेड्रा वैतागून म्हणाली.

"नेड्रा," वेंडल म्हणाला, "एकोणतीस वर्षं." एवढंच बोलला आणि जेवणावरून उठला. नेड्राला वाईट वाटलं. तिने दर वर्षी तो अर्ज त्याच्यासोबत टेबलावर बसून भरला होता, आणि दर वर्षी नकाराचं पत्र आलं की चुलीत टाकलं होतं.

नोव्हेंबर लागला. बर्फ पडला. ज्या माणसाने भर हिमवादळात पंचवीस वर्षं बसची एकही फेरी चुकवली नाही, तो रोज सकाळी दोन रायफली टेबलावर ठेवून त्यांच्याकडे बघत बसायचा. थँक्सगिव्हिंगला लायल आणि क्लेबर्न दोघेही दरवर्षीप्रमाणे नेड्राकडे जेवायला आले, पण टेबलाच्या दोन टोकांना बसले. "नेड्रा, त्या सरळ माणसाला सांग, रस्सा इकडे दे." "नेड्रा, त्या वाकड्याला सांग, उठून घे म्हणावं." नेड्राने रस्सा उचलून सिंकमध्ये ओतला.

"बास!" ती म्हणाली. "रविवारी शेवटचा दिवस आहे. वेंडल, रविवारी तू जाणार आहेस, आणि मी तुझ्यासोबत येणार आहे. ज्यांना बोलायचं नाही त्यांनी खायचंही नाही."

रविवारी सकाळी दोघं निघाले. अंगावर नारिंगी जाकिटं, गुडघाभर बर्फ, आणि वेंडलच्या दोन्ही खांद्यांवर एकेक रायफल.

"एक घे रे बाबा," नेड्रा म्हणाली.

"कुठली?"

नेड्राने आभाळाकडे बघितलं आणि चालू लागली.

सकाळी दहाच्या सुमारास ते झाडं कुरतडणाऱ्या बीव्हरांनी बांध घातलेल्या तळ्यापाशी पोचले. पलीकडच्या काठावर विलोची झुडपं. वेंडल अचानक थांबला, आणि नेड्रा त्याच्या पाठीवर आदळली. झुडपातून एक डोकं वर आलं. मग शिंगं. शिंगं येतच राहिली, एवढी रुंद! मग सगळं अंग बाहेर आलं, काळंभोर, पाठीवर बर्फ, तोंडात फांदी. साठ पावलांवर मूस उभा राहिला आणि शांतपणे चावत दोघांकडे बघू लागला.

"अगं आई गं," नेड्रा पुटपुटली.

वेंडलने दोन्ही खांदे झटकले, एक रायफल बर्फात पडली, एक हातात आली. गोळी भरली, खांद्याला लावली, श्वास रोखला आणि चाप ओढला.

मूस चार पावलं चालला, थांबला, आणि आहे तिथेच बसल्यासारखा खाली गेला.

वेंडलच्या हातून रायफल गळाली आणि तो बर्फात गुडघ्यावर बसून हुंदके देऊ लागला. नेड्राने त्याला मिठी मारली, तीही रडली, मग दोघं हसले, मग वेंडलने उठून "याऽऽहूऽऽ" अशी आरोळी ठोकली की तळ्यावरची बदकं उडाली. तळ्याला वळसा घालून ते जनावरापाशी गेले. वेंडलने नियमाप्रमाणे परवान्यावर तारखेची खाच पाडली. डाव्या कुशीत गोळी गेल्याचं एकच भोक होतं, नेमकं जिथे हवं तिथे.

मग त्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा पडला. "नेड्रा, मांस."

नेड्रा कंबरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. मग ताडताड चालत परत पलीकडे गेली. पडलेल्या दोन्ही रायफली भुसभुशीत बर्फात बुडून पांढऱ्या झाल्या होत्या. तिने दोन्ही उपसल्या. एकीत रिकामं काडतूस होतं ती बाजूला टाकली, दुसरीत गोळी भरली, बांधाच्या ओल्या चिखलावर नेम धरला आणि धाडकन झाडली.

"नेड्राऽ! अगं, वेड लागलं का तुला?" वेंडल पलीकडून ओरडला.

"दोन बंदुका, दोन गोळ्या, भोक एक!" नेड्रा ओरडून म्हणाली. "आता टेकडीवर जा, रेंज मिळते तिथे. दोघांनाही फोन कर. सांग, मूस पडलाय. दस्त्याचं एक अक्षर काढू नको!"

दोन तासांत लायल चार खेचरं घेऊन हजर, आणि त्याच्या मागोमाग क्लेबर्न सुऱ्या, करवती घेऊन. एकाने दुसऱ्याला जाताना बघितलं, त्यामुळे दोघांनाही घरी बसवेना. मूस बघून दोघांनीही टोप्या काढल्या.

"कुठल्या बंदुकीने?" दोघांनी एकदम विचारलं.

"दोन गोळ्या झाडल्या गेल्या," नेड्रा म्हणाली. "दोन्ही बंदुकांतून एकेक."

लायलने सरळ दस्त्याच्या रायफलीची नळी हुंगली. जळक्या बारुदाचा ताजा वास! क्लेबर्नने वाकड्याची हुंगली. तिलाही वास! मग दोघं भोकावर वाकले. एकच भोक.

"बघ, बघ कसं स्वच्छ गेलंय," लायल म्हणाला. "पहिल्या झटक्यात हाताला येणारी सरळच."

"स्वच्छ गेलंय, कारण रायफल हलली नाही. पकड तरी पाय, लेका, मला कातडं सोडवू दे. वाकडीशिवाय असा नेम नाही."

"तू सोडव, मी बांधतो. सरळ होती."

असे भांडत भांडत त्यांनी कधी काम संपवलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दुपार कलताना सगळं मांस खाली आलं आणि संध्याकाळी क्लेबर्नच्या थंड खोलीत टांगलं गेलं.

दुसऱ्या दिवशी लायल वेंडलला एकट्याला गाठून कुजबुजला, "आता खरं सांग, गड्या. मी कुणाला सांगणार नाही."

वेंडलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लायल, तू शहाणा माणूस आहेस. तुला सांगायची गरज नाही. फक्त क्लेबर्नसमोर फुशारकी मारू नको. मनाला लागेल त्याच्या."

लायलचा चेहरा उजळला. तो वेंडलचा हात दाबून गेला. आणि तासाभराने क्लेबर्न आला, तेव्हा वेंडलने त्याच्याही खांद्यावर हात ठेवला.

पुढच्या रविवारी नेड्राने मूसचं भाजलेलं मांस, बटाटे आणि रस्सा असा बेत केला आणि दोघांना बोलावलं. नेड्रा मनातून धास्तावलेली होती. पण लायल आला तो क्लेबर्नच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

"घे, पहिला तुकडा तू घे," लायल म्हणाला. आवाजात इतकी माया, की नेड्राच्या हातातला चमचा थांबला. "कापलंस किती छान! असं कापणारा माणूस राज्यात नसेल."

"नाही नाही, आधी तू. खेचरं तुझी," क्लेबर्न म्हणाला. त्याने लायलच्या पाठीवर हलकेच थोपटलं. "आणि खरं सांगू का? सरळ दस्तासुद्धा तसा वाईट नसतो. दिसायला तर चांगलाच."

लायलने हातातला काटा खाली ठेवला. हरलेला माणूस एवढं मोठं मन दाखवतो म्हणजे काय! "तुझ्या वाकड्यालाही पकड आहे हां," तो म्हणाला. "मी म्हणायचो ते जाऊ दे. वाईट वाटून घेऊ नको."

"मी कशाला वाईट वाटून घेऊ? तूच घेऊ नको."

दोघांनी एकमेकांच्या ताटात रस्सा वाढला. वेंडल ताटात डोकं घालून खात होता, कारण नेड्राने टेबलाखालून त्याच्या नडगीवर दोनदा लाथ मारली होती आणि तिच्याकडे बघितलं असतं तर त्याला हसू आवरलं नसतं. जाताना दोघं एकमेकांना आधी बाहेर पडायचा आग्रह करत दारात पाच मिनिटं उभे राहिले.

दार लागलं आणि नवराबायको पोट धरून हसले. हसून हसून नेड्रा खुर्चीत बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "आता मला तरी सांग. खरी कुठली होती?"

वेंडल हसायचा थांबला. "म्हणजे? ते तूच मला सांगणार ना! तू चिखलात झाडलीस ती कुठली, ते कळलं की माझी कळेल."

"मी बघितलं नाही. जीत काडतूस नव्हतं ती उचलली आणि झाडली. हातमोज्यात मला काय कळतंय? पण वेंडल, तू तर ती हातात धरलीस, खांद्याला लावलीस!"

"मी मूसकडे बघत होतो," वेंडल म्हणाला. "आणि तू? तू कुठे बघत होतीस?"

"तुझ्याकडे," नेड्रा म्हणाली.

वेंडलने टेबलावरची चारही ताटं गोळा केली, बाह्या वर सारल्या आणि भांडी घासायला घेतली.